रात्री फ्रिज बंद करून दहा हजार वाचत नाहीत, भाऊजी

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धाकट्या भाऊजींनी मागच्या रविवारी एक लांबलचक संदेश टाकला. तुमच्याही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो येऊन गेला असेल. मथळा असा: ‘मध्यमवर्गीय कुटुंब महिन्याला १०,००० रुपये सहज वाचवू शकतं!’ खाली हिरव्या खुणा लावून सात सवयी. चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा. फ्रिज रात्री बंद करा. गॅस सोडा, इंडक्शन घ्या, खर्च निम्मा. पेट्रोल पहाटे भरा, आणि शंभरचं न भरता एकशेदहाचं भरा. किराणा महिन्याचा एकदम, मॉलमधून, मोठ्या पाकिटांत घ्या. बाहेरचा चहा-वडापाव सोडा, तीस वर्षांत कोट्यधीश व्हाल. पनीर, तूप, मसाले, पापड सगळं घरी करा. आणि शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र: ‘आपल्या आज्या असाच संसार करायच्या.’

दुपारपर्यंत नऊ अंगठे पडले. मी दिला नाही. डोंबिवलीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पाच माणसं, एक पगार आणि माझ्या शिकवण्या, असा आमचा संसार आहे. गेली नऊ वर्षं मी खर्चाची वही ठेवते. त्यामुळे ‘सहज’ हा शब्द दिसला की मला वही उघडावीशी वाटते. ग्रुपवर एवढं लिहिता आलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

आधी त्या दहा हजारांचंच बघू. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या २०२३-२४च्या पाहणीत शहरी भारतातला माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला. ग्रामीण भागात तो ४,१२२ आहे. म्हणजे शहरातल्या चौघांच्या घरात खाण्यापिण्यापासून कपड्यांपर्यंत सगळं धरून २८ हजारांच्या आसपास. त्यातले दहा हजार वाचवायचे म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खर्च कापायचा. चार्जर काढून! त्याच पाहणीत वीज, गॅस आणि घरातलं इतर इंधन मिळून शहरी खर्चाच्या सहा टक्क्यांच्या आतबाहेर आहेत. २८ हजारांचे सहा टक्के म्हणजे सतराशे रुपये. सातातल्या पहिल्या तीन सवयी या सतराशे रुपयांवर बेतलेल्या आहेत. मीटर कापून घेतला, सिलिंडर परत केला आणि भिजवलेल्या पोह्यांवर दिवस काढले, तरी आणखी ८,३०० रुपये कुठून तरी आणावेच लागतील.

आता एकेक सवय घेते. पण त्याआधी विजेच्या बिलाची एक गोष्ट, कारण पुढचे सगळे हिशेब तिच्यावर आहेत. महावितरणच्या २०२४-२५च्या दरपत्रकात घरगुती वापराच्या पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे असा दर होता. दोन्हींवर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, १ रुपया १७ पैसे, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या टप्प्यातलं युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडायचं आणि दुसऱ्या टप्प्यातलं जवळजवळ १३ रुपये ३० पैशांना. शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असं आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, बिलाच्या मागे टप्प्यांचा तक्ता असतो. पण याचा एक अर्थ असा की आमच्यासारख्या सव्वादोनशे-अडीचशे युनिट जाळणाऱ्या घरात वाचलेलं प्रत्येक युनिट त्या दरानं सव्वातेरा रुपयांचं होतं. दर बदलतात, तेव्हा तुमच्या ताज्या बिलावरचा आकडा टाकून बघा.

चार्जर. प्लगमध्ये बसणारं एक छोटं मीटर मिळतं, ते मी मागच्या वर्षी घेतलं. त्यात मोबाइलचा मोकळा चार्जर लावला, तर काट्याऐवजी नुसते शून्य. हल्लीचे चार्जर फोन न जोडता ०.१ ते ०.३ वॅट खातात, ते या मीटरला दिसतसुद्धा नाहीत. ०.३ वॅट धरा, चोवीस तास, तीस दिवस: महिन्याला ०.२ युनिट. पावणेतीन रुपये. घरात पाच चार्जर असतील तर तेरा-चौदा रुपये. काढून ठेवा, माझं काही म्हणणं नाही, पावसाळ्यात विजा कडकडतात तेव्हा तर जरूर काढा. फक्त त्याला बचत म्हणू नका.

तेच मीटर सेट टॉप बॉक्सला लावलं तेव्हा मात्र मी चमकले. टीव्ही बंद, बॉक्सवर नुसता लाल दिवा, आणि मीटर दाखवतंय ९ वॅट. दिवसाचे वीस तास तो उगाच तापत बसलेला असतो. महिन्याला साडेपाच युनिट, सत्तरेक रुपये. आता भिंतीवरचं बटण बंद होतं. सुरुवातीला सासूबाई वैतागल्या, मालिका सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात म्हणून. आता दोन मिनिटं आधी लावतात.

फ्रिज. हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकला, कारण तो नुसता निरुपयोगी नाही, नुकसानीचा आहे. आमच्या फ्रिजवरच्या ताऱ्यांच्या पट्टीवर वर्षाला २१९ युनिट असं छापलेलं आहे. म्हणजे दिवसाला ०.६ युनिट, रात्रीच्या सहा तासांत ०.१५. फ्रिज सतत चालत नसतोच. आत गार झालं की कॉम्प्रेसर आपोआप थांबतो. रात्रभर बंद ठेवला तर आतली वाटी-वाटी उबदार होते आणि सकाळी ते सगळं पुन्हा गार करायला तो दामटून चालतो. तरीही वादापुरतं धरू की रात्रीचं सगळं वाचलं: महिन्याला साडेचार युनिट, साठ रुपये. मे महिन्यात डोंबिवलीच्या उकाड्यात एकदा लिटरभर दूध नासलं की गेले ते साठ रुपये. शिवाय मळलेली कणीक, उरलेलं वरण, सासूबाईंचं इन्सुलिन नाही पण शेजारच्या काकांचं आमच्या फ्रिजमध्ये असतं ते. ते रात्री उबदार करून ठेवायचं का?

विजेत पैसे खरोखर कुठे आहेत, तर डोक्यावर. जुना पंखा ७५ वॅटचा. नवे कमी विजेचे पंखे, ज्यांना दुकानदार बीएलडीसी म्हणतात, ३० वॅटच्या आसपास घेतात. दिवसाला बारा तास धरले, आणि मुंबई-ठाण्याकडे वर्षाचे दहा महिने पंखा त्याहून जास्तच फिरतो, तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट, सव्वादोनशे रुपयांच्या आतबाहेर. तीनेक हजारांचा पंखा सव्वा-दीड वर्षात फिटतो. आम्ही एकदम तीन घेतले नाहीत. दर दिवाळीला एक. एक पोटहिशेब: कोपऱ्यात तो जुना काळा, हाताला गरम लागणारा रेग्युलेटर असेल, तर पंखा हळू केल्यानं वीज फारशी वाचत नाही, वाचलेली बरीचशी त्या डब्यातच जळते. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं तसं नाही.

आणि गीझर. बादलीभर, म्हणजे अठरा लिटर पाणी २५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण ०.३६ युनिट लागतं. पाच जणांच्या पाच बादल्या रोज केल्या तर महिन्याला ५४ युनिट, सातशेच्या वर रुपये. म्हणजे चार्जर, फ्रिज, सगळं मिळून होणार नाही एवढं त्या न्हाणीघरात आहे. त्याचं नावही त्या संदेशात नाही. आमच्याकडे मार्च ते जून गीझर बंद असतो, तेवढी चैन डोंबिवलीचा उन्हाळा फुकट करून देतो.

इंडक्शनचं जरा सावकाश बघायला हवं, कारण या दाव्यात अर्धं खरं आहे. इंडक्शनमध्ये शंभरातली पंच्याऐंशीच्या आसपास उष्णता भांड्यात जाते. गॅसची साठेक जाते, बाकीची भांड्याच्या कडेनं वर निघून जाते. उन्हाळ्यात ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईला विचारा कुठे जाते ते. म्हणून उष्णतेच्या हिशेबानं इंडक्शन सरस आहेच. पण आपण उष्णता विकत घेत नाही, एकीकडे किलोनं गॅस घेतो आणि दुसरीकडे युनिटनं वीज.

लिटरभर पाणी उकळायचं आहे असं धरू. सिलिंडरचा एप्रिल २०२५ मधला मुंबईचा भाव ८५२ रुपये ५० पैसे, आत १४.२ किलो गॅस, म्हणजे ग्रॅमला सहा पैसे. लिटरभर पाण्याला साधारण अकरा ग्रॅम गॅस लागतो: ६८ पैसे. इंडक्शनवर त्याच पाण्याला ०.१ युनिट लागतं. आमच्या टप्प्यात ते १ रुपया ३३ पैसे. म्हणजे निम्मा खर्च नव्हे, दुप्पट! ज्यांचं बिल शंभर युनिटांच्या आत राहतं त्यांना तेच पाणी ६८ पैशांत पडेल, गॅसइतकंच. पण सगळा स्वयंपाक इंडक्शनवर आणला की ते घर शंभराच्या आत राहत नाही.

ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे त्यांची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर पॅनलला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. माझ्या मावशीच्या बंगलीवर ते बसलंय, ती दिवसा खुशाल इंडक्शन वापरते. आम्ही चौथ्या मजल्यावर, आणि गच्ची सोसायटीची. तिथे पापड वाळत घालायलासुद्धा सेक्रेटरींची परवानगी लागते.

गॅस वाचवायचा असेल तर त्याला नवं यंत्र लागत नाही. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवायचे, एका कुकरात वरण, भात आणि वर बटाटे असे तीन डबे लावायचे, शिटी येऊ लागली की आच बारीक. हे भाऊजींच्या आईनंच मला शिकवलं. संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं.

पेट्रोल पटकन उरकते. पहाटे पेट्रोल ‘घट्ट’ असतं म्हणून जास्त मिळतं, हे म्हणणं. पेट्रोल एका अंशाला हजारातला एक भाग फुगतं, हे खरं. पण पंपावरची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही. एका अंशाचा पडला असं धरलं तरी शंभर रुपयांमागे दहा पैसे. आणि एकशेदहाचं भरलं की मापात मारता येत नाही, हे तर कुठल्या तर्कात बसतं कोण जाणे. यंत्र लिटर मोजतं आणि भावानं गुणतं; मारायचं असेल तर ते एकशेदहालाही मारता येईल. शंका आली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागून तपासून घ्यायचा हक्क ग्राहकाला आहे. आमच्या यांनी एकदा मागितलं. माप बरोबर निघालं, मागच्या रांगेनं मात्र यांना बरंच ऐकवलं.

आता मॉल आणि मोठी पाकिटं. हा माझा विषय.

दोन वर्षांपूर्वी मी तीन महिने प्रयोग केला. तीच यादी, एक महिना कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, एक महिना मॉलमधून, एक महिना अर्धं-अर्धं. यादीतल्या जिनसा मॉलमध्ये खरंच थोड्या स्वस्त पडल्या, साधारण दोनशे रुपयांनी. पण बिल वाण्याकडे ३,४०० आणि मॉलमध्ये ४,७००! यादीत नसलेलं काय काय आलं ते वहीत आहे: एकावर एक नूडल्स, मुलीला हवं होतं म्हणून पीनट बटर, प्लास्टिकचे चार डबे, आणि डब्यांत भरायला मखाणे. वाण्याकडे मी यादी फोनवर सांगते, पोरगा आणून देतो. तिथे मखाणे मला दिसतच नाहीत.

मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हेही दर वेळी खरं नसतं. बांधीव मालाच्या पाकिटावर आता ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे काय भाव पडतो ते छापावं लागतं. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरांत असतं, चष्मा लावून वाचा. शाम्पूची पुडी बऱ्याचदा बाटलीहून स्वस्त पडते (कचरा वाढतो, तो वेगळा मुद्दा). आणि तेलाची गंमत सांगते. दिवाळीच्या आधी ‘ऑफर’मध्ये तेलाच्या पिशव्या आणल्या. लिटरच्या नेहमीच्या पिशवीपेक्षा बारा रुपयांनी स्वस्त. करंज्या तळताना तेल नेहमीपेक्षा लवकर संपलं म्हणून दुसरी पिशवी काट्यावर ठेवली. ८०० ग्रॅम. लिटरभर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. पिशवीवर ८०० असं स्पष्ट लिहिलेलंही होतं, फसवणूक म्हणता येणार नाही. आकार तोच, फुलांचं चित्र तेच, आणि मी वाचलं नव्हतं. हिशेब केला तर ती पिशवी बारा रुपयांनी स्वस्त नव्हती, उलट महागच पडली होती.

सुट्या मालाबद्दल एक गोष्ट फार जणांना ठाऊक नाही. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी, पिठं, तांदूळ यांवर पाच टक्के जीएसटी आला. वाण्याच्या पोत्यातून तोलून घेतलेल्या तुरीच्या डाळीवर तो नाही. डाळ निवडावी लागते, हे कबूल.

वर्षाचं धान्य भरणं मात्र मला पटतं, आणि तिथे भाऊजींच्या संदेशाला मी अर्धे गुण देते. एप्रिल-मेमध्ये नवा गहू, नवी मिरची, हळद बाजारात येते तेव्हाचा भाव आणि गणपतीच्या आधीचा भाव यांत फरक असतोच. पण त्याला एकरकमी पैसे लागतात, उन्हं द्यायला अंगण लागतं, पत्र्याच्या कोठ्या ठेवायला जागा लागते. आम्ही गहू चार महिन्यांचाच भरतो, कारण पलंगाखाली तेवढाच मावतो. एका वर्षी हौसेनं दीड क्विंटल घेतला, पाऊस लागला, आणि कडुलिंबाचा पाला घालूनही ऑगस्टमध्ये सोंडे झाले. त्या वर्षी चिमण्यांची चंगळ झाली.

चहा-वडापावची गोष्ट. रोजचे ५० रुपये वाचवा, गुंतवा, तीस वर्षांत कोटी. ५० रुपये म्हणजे महिन्याला १,५००. वर्षाला बारा टक्के परतावा सलग तीस वर्षं मिळाला, हे कुणी लिहून देत नाही, पण मिळाला असं धरू. तरी होतात ५३ लाखांच्या आसपास. कोटी नाही. आणि महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर त्या ५३ लाखांत तेव्हा जे येईल ते आजच्या सव्वानऊ लाखांत येतं. सव्वानऊ लाखही थोडे नाहीत, तुच्छ लेखत नाही मी. पण ते हवे असतील तर पगार झाल्याच्या दिवशी दीड हजार बाजूला काढायला हवेत. टपरीवर न दिलेले पन्नास रुपये आपोआप कुठे जमा होत नाहीत. संध्याकाळी मुलगा ‘बाबा, प्रिंटआउटला पैसे’ म्हणतो आणि ते जातात. आमचे हे आठ-चोपन्नच्या लोकलनं उभ्यानं जातात, उभ्यानं येतात. स्टेशनबाहेर चार मित्रांसोबत पंधरा मिनिटं कटिंग घेत थांबतात. तेवढा चहा माझ्या वहीत ‘औषध’ या सदरात आहे.

सातवा मुद्दा, सगळं घरी करा. यावर मला राग येतो, आणि तो लपवत नाही.

पनीरचंच घ्या. लिटरभर म्हशीच्या मलईदार दुधाचं दोनशे ग्रॅमच्या आत पनीर निघतं. दूध सत्तरेक रुपये, गॅस, लिंबू. विकतचं दोनशे ग्रॅमचं पाकीट नव्वदच्या आसपास, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद पनीरवरचा जीएसटीही गेलाय. वाचले पंधरा रुपये. त्यासाठी दूध उकळा, फाडा, फडक्यात बांधा, वरवंट्याखाली दाबा, आणि दुधाचं चिकट पातेलं घासा. तासभर. तो तास कुणाचा, हे संदेशात लिहिलेलं नाही, कारण लिहायची गरजच वाटली नाही. २०२४ च्या केंद्रीय वेळवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ८८. तिच्या २८९ मिनिटांत आणखी साठ घालून पंधरा रुपये वाचवायचे आणि ते ‘कुटुंबानं’ वाचवले म्हणायचं. त्याच साठ मिनिटांत मी एका मुलाला गणित शिकवते, त्याचे पैसे जास्त येतात.

तूप मात्र घरीच. साय रोज निघतेच, विरजण लावायचं, लोणी काढायचं, आठवड्यातून एकदा कढवायचं. दुधाचे पैसे आधीच दिलेले असतात, त्यामुळे तूप जवळपास फुकट पडतं. मसाल्याचं तिखट मी कांडपावरून करून आणते, पण पैशांसाठी नाही. विकतच्या तिखटानं आमच्या कालवणाला ती चव येत नाही. पापड बचतगटाच्या बायकांकडून घेते. त्यांचाही संसार आहे.

आता उलट प्रश्न भाऊजी विचारणारच: वहिनी, मग तुम्ही वाचवता कुठे?

वहीत जे सापडलं ते सांगते. सर्वांत मोठं भोक क्रेडिट कार्डाचं होतं. वॉशिंग मशीन घेतलं तेव्हा यांनी १८ हजार कार्डावर ठेवले आणि दर महिन्याला ‘किमान देय रक्कम’ भरत राहिले. बिल भरलंय असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी: १८ हजारांवर महिन्याला ७४३ रुपये. हजारेक भरत होतो आणि त्यातले साडेसातशे व्याजातच जात होते, मुद्दल जागचं हलत नव्हतं. पाच महिने! भिशी लागली तेव्हा एकदम फेडलं. चहा-वडापावचा मुद्दा वगळला तर भाऊजींचे बाकीचे सहाही उपाय एकत्र केले तरी एवढी रक्कम होत नाही.

दुसरं, सासूबाईंच्या गोळ्या. रक्तदाब आणि साखर मिळून महिन्याला साडेचौदाशे. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी चिठ्ठीवर गोळीतल्या घटकांची नावं लिहून दिली, आणि तेच घटक जनऔषधी केंद्रात साडेचारशेत मिळाले. देशभरात अशी १५ हजारांवर केंद्रं आहेत. एकदा एक गोळी संपलेली होती, तेवढी बाहेरून घेतली. दोन महिन्यांनी रक्तदाब-साखर तपासली, दोन्ही ठीक.

तिसरं, फोन. अठ्ठावीस दिवसांचा ‘महिना’ धरला की वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायनं २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक तरी तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवायला लावला. तो शोधावा लागतो, समोर दाखवत नाहीत. आणि सासूबाईंच्या साध्या फोनला आम्ही दोन वर्षं रोजचा दीड जीबी डेटा भरत होतो. त्या तो कशानं वापरणार होत्या? २०२५ च्या सुरुवातीपासून नुसत्या बोलण्याचे, डेटा नसलेले पॅक मिळू लागलेत. तो घातला.

एवढं करून आमचे महिन्याला अडीच हजारांच्या आसपास सुटले. त्यातले साडेसातशे तर आमच्याच मूर्खपणाचे परत आले. दहा हजार काही झाले नाहीत.

राहिलं ते आज्यांचं वाक्य. संदेश मी सासूबाईंना वाचून दाखवला. वय ७८, कान शाबूत. फ्रिजपाशी त्या हसल्या. ‘आमच्याकडे फ्रिज आला तो हे रिटायर झाल्यावर. काय बंद करणार होते मी?’ मग म्हणाल्या, ‘आणि वाचवायचे कसे ते सांगू? किराण्याला दोनशे लागायचे, मी यांना सव्वादोनशे सांगायची.’ ते पंचवीस रव्याच्या डब्यात, रव्याच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. मामंजींना कधी कळलं नाही.

कळलं ते आम्हाला, नोव्हेंबर २०१६ मध्ये. टीव्हीवर पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याची बातमी सुरू होती, आणि सासूबाई कुणाशी न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. डबा ओट्यावर पालथा केला. रव्यात माखलेल्या एकोणतीस नोटा निघाल्या, सगळ्या पाचशेच्या. साडेचौदा हजार. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. तिसऱ्या दिवशी त्या सकाळी आठपासून रांगेत उभ्या राहिल्या, माझ्यासोबत. माझी वही त्याच आठवड्यात सुरू झाली. पहिल्या पानावर त्यांच्या हातचा आकडा आहे, १४,५००, आणि पुढे कंसात ‘माझे’.